सौंदर्यप्रसाधनांच्या मार्केटिंगमध्ये करिअर: तयारी कोणत्या क्रमाने करावी आणि नेमके कुठे चुकते

सौंदर्यप्रसाधनांच्या मार्केटिंगसाठी आलेले अर्ज वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. उमेदवारांची मेहनत कमी नसते, तिचा क्रम चुकलेला असतो. आधी समाजमाध्यमांवर पान उघडायचे, मग डिजिटल मार्केटिंगचा एखादा कोर्स करायचा, मग दिसेल त्या कंपनीला एकच बायोडेटा पाठवायचा आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या कंपनीची उत्पादने चाळायची, असा हा क्रम असतो. मुलाखत घेणारी व्यक्ती मात्र हातात एक बाटली देते आणि विचारते, "ही कोणासाठी आहे, हिच्याबद्दल आपल्याला काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?" सहा महिने रील बनवलेल्या उमेदवाराकडे या प्रश्नाचे उत्तर नसते, कारण बाटली उलटी करून मागची बाजू वाचायची सवयच त्याला लागलेली नसते.

या क्षेत्रातले काम आवडीपेक्षा दाव्याभोवती अधिक फिरते. उत्पादन काय करते, त्याबद्दल किती बोलता येते, ते कोणाला सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते पुन्हा विकत घेतले का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर दिवस जातो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. शिक्षण किंवा दुसरी नोकरी सांभाळून हे करणाऱ्याने सहा ते आठ महिने हाताशी धरावेत.

टप्पा १: आधी काम निवडा, कंपनी नंतर

"मार्केटिंग" या एका शब्दाखाली निदान पाच वेगवेगळी कामे येतात आणि त्यांना लागणारी माणसेही वेगळी असतात. ब्रँड मॅनेजमेंटमध्ये उत्पादनाची कल्पना, किंमत, वेष्टन, जाहिरात आणि नफा यांचा मेळ घालावा लागतो. ट्रेड मार्केटिंगमध्ये दुकानातली मांडणी, टेस्टर, विक्रेत्यांसाठीच्या योजना आणि शेल्फवरची जागा पाहावी लागते. ई-कॉमर्स आणि परफॉर्मन्स मार्केटिंग, म्हणजे परिणाम मोजत चालवलेल्या ऑनलाइन जाहिराती, यांचे काम रोजच्या आकड्यांवर चालते. प्रशिक्षण विभाग काउंटरवरच्या सल्लागारांना उत्पादन शिकवतो. जनसंपर्क आणि इन्फ्लुएन्सर विभाग ब्रँडबद्दल बाहेर जे बोलले जाते ते सांभाळतो.

यांपैकी एक मुख्य आणि एक पर्यायी काम निवडावे. ज्याला ताळेबंद पाहून कंटाळा येतो त्याने ब्रँड मॅनेजमेंटच्या मागे लागू नये, कारण बाहेरून सर्वांत झगमगीत दिसणाऱ्या त्या पदावरचा निम्मा वेळ तक्ते, अंदाज आणि पुरवठ्याच्या अडचणी निस्तरण्यात जातो.

पदवीबद्दल थोडक्यात. वाणिज्य, व्यवस्थापन, रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, जनसंवाद अशा कुठल्याही वाटेने येता येते. विज्ञान शाखेतून येणाऱ्याने पाचव्या टप्प्याला जास्त वेळ द्यावा आणि वाणिज्य शाखेतून येणाऱ्याने दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याला.

तपासा: निवडलेल्या कामाच्या दहा जाहिराती शेजारी ठेवून त्यांत वारंवार येणारी कौशल्ये लिहून काढा. ती यादी वाचून उत्साह मावळत असेल तर आत्ताच दुसरे काम निवडा.

टप्पा २: उत्पादन वाचायला शिका

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढची पडझड इथूनच सुरू होते. रोज एक उत्पादन हातात घ्यावे आणि आधी त्याची मागची बाजू वाचावी. घटकांची नावे आयएनसीआय या आंतरराष्ट्रीय नामपद्धतीनुसार छापलेली असतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या १२२३ क्रमांकाच्या नियमावलीनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. मात्र एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात आणि रंगद्रव्ये शेवटी देता येतात. इतर अनेक बाजारांतही जवळपास हीच रीत आहे.

एक उदाहरण बारकाईने पाहू. एका क्रीमच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एका वनस्पतीचे नाव आणि तिचे चित्र आहे. मागची यादी पाणी, ग्लिसरीन, एक तेलकट घटक, एक मेणासारखा घटक, मग फेनॉक्सिएथॅनॉल आणि त्यानंतर त्या वनस्पतीचा अर्क अशी आहे. फेनॉक्सिएथॅनॉल हे परिरक्षक, म्हणजे उत्पादन खराब होऊ न देणारा घटक, आहे आणि युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे त्याच्या पुढे छापलेला अर्कही एक टक्क्याच्या आतच आहे. शाई आणि चित्र ज्या घटकावर खर्च झाले तो क्रीममध्ये नाममात्र असण्याची शक्यता आहे आणि त्वचेला ओलावा देण्याचे काम प्रामुख्याने ग्लिसरीन करत आहे. हे एकदा दिसले की जाहिरात कोणत्या गुणावर उभी करायची याचा विचारच बदलतो.

सावधान: यादीत शेवटी आलेला घटक निरुपयोगी असतोच असे नाही. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) टक्क्याच्या काही दशांशांतही परिणाम दाखवते आणि अनेक पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) त्याहूनही कमी प्रमाणात वापरतात. "कमी टक्के म्हणजे फसवणूक" असे मुलाखतीत ठासून सांगणारा उमेदवार अर्धवट वाचन केल्याची कबुलीच देत असतो.

घटकांबरोबर उत्पादनाचा पोत, गंध, पंप दाबल्यावर येणारे प्रमाण, झाकण उघडण्याची सोय आणि उघड्या डबीचे चिन्हही पाहावे. त्या चिन्हात १२ आणि एम असे लिहिलेले असेल तर उघडल्यानंतर बारा महिने वापरता येईल असा त्याचा अर्थ असतो. सनस्क्रीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एसपीएफची, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या अंकाची, चाचणी त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर लावून करतात. प्रत्यक्षात माणसे त्यापेक्षा बरेच कमी लावतात आणि मग डबीवर छापलेले संरक्षण त्यांना मिळत नाही. तरीही सनस्क्रीनच्या जाहिरातीत "थोडेसेच पुरते" ही ओळ अधूनमधून दिसते. फाउंडेशनला शोभणारी ती ओळ सनस्क्रीनवर चढवली की ग्राहकाची त्वचा भाजते.

रोज एक याप्रमाणे साठ उत्पादने वाचून प्रत्येकावर दहा ओळींची नोंद ठेवा. हीच वही पुढे पोर्टफोलिओचा कच्चा माल ठरते.

टप्पा ३: दावा आणि पुरावा यांचे गणित समजून घ्या

सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांच्यामधली रेषा बहुतेक ठिकाणी उत्पादनाच्या हेतूवरून ठरते आणि हेतू जाहिरातीतल्या शब्दांवरून कळतो. अमेरिकेत १९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यापासून ही विभागणी आहे. "मुरुमांचे डाग कमी दिसतात" आणि "मुरूम बरे होतात" ही दोन वाक्ये मार्केटिंगवाल्याला सारखी वाटू शकतात, पण दुसरे वाक्य उत्पादनाला औषधाच्या रांगेत नेऊन बसवते. तिथले परवाने, चाचण्या आणि जबाबदाऱ्या वेगळ्या असतात. एकच उत्पादन दोन बाजारांत दोन वर्गांतही मोडू शकते. सनस्क्रीन अमेरिकेत औषध मानले जाते, तर युरोपीय संघात ते सौंदर्यप्रसाधन आहे. त्यामुळे एका देशातले आकर्षक वाक्य उचलून दुसऱ्या देशात लावणे ही धोक्याची सवय आहे.

दावे तपासण्यासाठी युरोपीय संघाच्या २०१३ च्या ६५५ क्रमांकाच्या नियमावलीतले सहा निकष, आपण कुठेही काम करणार असलो तरी, पाठ करण्याजोगे आहेत: कायद्याचे पालन, सत्यता, पुराव्याचा आधार, प्रामाणिकपणा, इतर उत्पादनांबाबत न्याय्य भूमिका आणि ग्राहकाला माहितीपूर्वक निर्णय घेता येणे. कायद्याने जे करणे बंधनकारकच आहे ते आपले वैशिष्ट्य म्हणून मिरवू नये, हेही त्यात येते. युरोपीय संघात २०१३ पासून प्राण्यांवर चाचणी केलेली सौंदर्यप्रसाधने विकण्यास बंदी आहे. तिथे "प्राण्यांवर चाचणी नाही" ही गोष्ट केवळ आपल्याच उत्पादनाचा मोठेपणा असल्यासारखी मांडणे म्हणूनच अडचणीचे ठरते.

पुराव्याचे मुख्यतः तीन प्रकार पुढे येतात आणि त्यांची गल्लत ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

पहिला प्रकार उपकरणाने केलेल्या मोजमापाचा. उदाहरणार्थ, कॉर्निओमीटरने त्वचेच्या वरच्या थरातला ओलावा मोजतात. दुसरा, प्रशिक्षित तज्ज्ञाने ठरलेल्या श्रेणीनुसार केलेल्या परीक्षणाचा. तिसरा, वापरणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचा. प्रश्नावलीत शंभरपैकी नव्वद जणींनी "त्वचा मऊ वाटली" असे लिहिले, तर "शंभरपैकी नव्वद जणींना त्वचा मऊ वाटली" एवढेच म्हणता येते. "त्वचा नव्वद टक्के मऊ झाली" हे वाक्य त्या कागदातून निघत नाही. मराठीत हा फरक एका क्रियापदाचा आहे, पण त्या एका क्रियापदापायी छापून आलेली वेष्टने परत मागवावी लागतात.

चाचणीचा काळही दाव्याशी जुळला पाहिजे. ओलावा काही तासांत मोजता येतो. बारीक रेषांवरच्या परिणामासाठी साधारणतः आठ ते बारा आठवडे वापर लागतो. चार दिवसांच्या चाचणीवर सुरकुत्यांचा दावा उभा केलेला दिसला की प्रश्न विचारायला शिका.

सराव म्हणून आपल्या वहीतल्या साठपैकी वीस उत्पादनांचे दावे तीन रकान्यांत लिहा: दावा काय, त्यासाठी कोणता पुरावा लागेल आणि तो पुरावा नसेल तर वाक्य कसे सौम्य करता येईल. तिसरा रकाना भरायला सर्वांत अवघड आहे आणि नोकरीत रोज तोच भरावा लागतो.

तपासा: "त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले" आणि "त्वचारोगतज्ज्ञांनी शिफारस केलेले" यांतला फरक तुम्हाला न अडखळता सांगता येतो का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: काउंटरवर उभे राहा

निदान सहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस का होईना, विक्रीच्या ठिकाणी काम करावे. अर्धवेळ सौंदर्य सल्लागार, हंगामी विक्री सहायक किंवा एखाद्या सलूनमधला मदतनीस, काहीही चालेल. ऑनलाइन ब्रँडमध्ये जायचे असेल तर ग्राहक सेवेच्या चॅटवर बसावे. तिथे माणसे ज्या शब्दांत तक्रार करतात ते शब्द कोणत्याही सर्वेक्षणात मिळत नाहीत.

पाहायचे काय, तर हात. ग्राहक टेस्टर मनगटावर लावते, दोन बोटांनी चोळते, वास घेते, उजेडाकडे वळते, मग डबा उलटा करून किंमत शोधते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. ती नेमकी कुठे थांबली याची नोंद ठेवा. फाउंडेशनच्या बाबतीत दुकानातल्या पिवळट दिव्याखाली जुळलेली शेड बाहेर राखाडी दिसते आणि ग्राहक ती घेऊन परत येते. त्वचेचा अंतरंग, म्हणजे वरच्या रंगामागची छटा, थंड, उबदार की मधला हे ओळखायला शिकल्याशिवाय शेडबद्दल लिहू नये. फेंटी ब्यूटी या ब्रँडने २०१७ मध्ये फाउंडेशन एकदम ४० शेडमध्ये आणले, पण उमेदवाराने त्यातून उचलायची गोष्ट केवळ आकडा नव्हे. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ टोकाला किती शेड आहेत, त्यांतला अंतरंगाचा फरक खरा आहे का आणि त्या टोकांचे टेस्टर शेल्फवर प्रत्यक्ष ठेवलेले आहेत का, हे प्रश्न त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहेत.

सावधान: ग्राहकांची नावे, छायाचित्रे किंवा त्वचेच्या तक्रारी आपल्या पोर्टफोलिओत वापरू नका. दुकानाचे विक्रीचे आकडेही बाहेर नेऊ नका. मुलाखतीत आधीच्या ठिकाणची गुपिते सांगणाऱ्याला उद्या आपलीही तो सांगेल, एवढा अंदाज समोरच्याला येतोच.

टप्पा ५: विक्रीचे आकडे हातचे करा

इथे गणित शाळेतलेच आहे, पण टाळून चालत नाही. सेल-इन म्हणजे कंपनीकडून दुकानदाराकडे गेलेला माल आणि सेल-आउट म्हणजे दुकानातून ग्राहकाने नेलेला माल. पहिला आकडा पाहून आनंद साजरा झालेली अनेक उत्पादने नंतर गोदामात मुदत संपेपर्यंत पडून राहतात.

पुनर्खरेदीचे उदाहरण सोडवून पाहा. एका क्रीमची किंमत १०० एकके आणि बनवण्याचा खर्च २५ एकके धरा. पहिल्या मोहिमेत ३० टक्के सवलत देऊन ३०० ग्राहक मिळाले आणि त्यांतले ३० जण पूर्ण किमतीला परत आले. दुसऱ्या मोहिमेत सवलत नव्हती, ग्राहक २०० मिळाले आणि ७० परत आले. पहिलीची कमाई ३०० गुणिले ७०, अधिक ३० गुणिले १००, म्हणजे २४,००० एकके. ३३० डब्यांचा खर्च ८,२५० वजा केला की १५,७५० उरतात. दुसरीची कमाई २७० गुणिले १००, म्हणजे २७,००० एकके. त्यातून ६,७५० गेले की २०,२५० उरतात. जाहिरातीचा खर्च दोन्हींकडे सारखा असेल तर कमी ग्राहक आणणारी मोहीम सरस ठरली. "३०० ग्राहक मिळवले" एवढेच बायोडेटावर लिहिणारा उमेदवार या कोष्टकासमोर टिकत नाही.

स्प्रेडशीटमध्ये पिव्होट तक्ता (मोठ्या नोंदींचा गटवार सारांश), टक्केवारीतील बदल आणि साधा विक्री अंदाज एवढे यायलाच हवे. ई-कॉमर्सकडे जाणाऱ्याने उत्पादन पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, ग्राहक मिळवण्याचा सरासरी खर्च आणि जाहिरातीवरच्या खर्चाच्या तुलनेत आलेली विक्री हे तीन आकडे स्वतः काढून पाहावेत.

टप्पा ६: तीनच कामांचा पोर्टफोलिओ बांधा

वीस सुंदर पोस्टपेक्षा तीन पूर्ण विचार केलेली कामे अधिक बोलतात. माझा आग्रह पुढील तिघांचा आहे.

पहिले काम दाव्यांच्या परीक्षणाचे. बाजारातल्या एका गटातली, उदाहरणार्थ व्हिटॅमिन सी सीरमची, सहा उत्पादने घ्या. त्यांचे दावे, घटक, वेष्टन आणि ते ज्या ग्राहकाशी बोलतात तो ग्राहक शेजारीशेजारी मांडा. द ऑर्डिनरीसारखे ब्रँड घटक आणि त्याची टक्केवारी थेट उत्पादनाच्या नावात देतात. ही भाषा घटक वाचणाऱ्या ग्राहकाला जवळची वाटते, पण प्रथमच सीरम घेणाऱ्याला गोंधळात टाकू शकते. अशी निरीक्षणे इथे यावीत. कोणाची निंदा करण्याची ही जागा नाही.

दुसरे काम उत्पादन ब्रीफचे, दोन पानांत. कोणाची कोणती अडचण, आज ती व्यक्ती काय वापरते, नवे उत्पादन काय वेगळे करील, पोत आणि गंध कसा, वेष्टन कोणते, किमतीचा पट्टा का, कोणते दावे हवेत आणि त्यांसाठी कोणत्या चाचण्या लागतील, हे सर्व त्यात असावे. शेवटचा मुद्दा असलेला ब्रीफ विद्यार्थ्यांकडून फार क्वचित येतो. तो दिसला की वाचणाऱ्याचा हात थांबतो.

तिसरे काम लॉन्चच्या आराखड्याचे. विक्रीच्या दिवसापासून मागे मोजत जा. स्थिरता चाचणी, परिरक्षकाची क्षमता तपासणारी चाचणी आणि डबी व क्रीम यांचे परस्परांशी जुळणे यांना महिने लागतात. ४० अंश सेल्सिअस तापमानात तीन महिने ठेवून केलेली वेगवान स्थिरता चाचणी सर्रास वापरली जाते. त्यामुळे "पुढच्या महिन्यात नवे क्रीम आणू" अशा आराखड्यावरून लिहिणारा कारखान्यापर्यंत कधी गेलाच नाही हे उघड होते.

सावधान: आधी आणि नंतरची छायाचित्रे दुसऱ्याची घेऊ नका आणि स्वतःच्या छायाचित्रांतला प्रकाश बदलू नका. काल्पनिक ब्रीफवर "सरावासाठी केलेले काम" असे स्पष्ट लिहा. मोबदला किंवा मोफत माल घेऊन एखाद्या उत्पादनाबद्दल बोलला असाल तर पोर्टफोलिओतही ते सांगा.

टप्पा ७: अर्ज पाठवा

दहा ते पंधरा कंपन्यांची यादी करा आणि तीत मोठे समूह, नवे छोटे ब्रँड, कंत्राटी उत्पादक व घटक पुरवठादार या सर्वांना जागा द्या. शेवटच्या दोघांकडे कोणी फारसे पाहत नाही, पण सूत्र, दावा आणि चाचणी यांची भाषा तिथे लवकर अंगवळणी पडते आणि पुढे ब्रँडकडे जाता येते.

अर्जाच्या पत्रातले पहिले वाक्य स्वतःच्या आवडीबद्दल नसावे. "आपल्या क्लींझरच्या पानावर संवेदनशील त्वचेचा दावा आहे, परंतु सुगंधाबद्दलचा ग्राहकांचा प्रश्न अनुत्तरित राहतो, त्यासाठी मी एक पानाची सूचना जोडली आहे" असे वाक्य वाचले जाते. सूचना विनम्र असावी आणि आतल्या अडचणी आपल्याला माहीत नाहीत याचे भान तिच्यात असावे.

टप्पा ८: मुलाखतीतल्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा बाटलीची, जिची तयारी दुसऱ्या टप्प्यात झाली आहे. दुसरी तक्त्याची: विक्री का घसरली असे विचारतील. उत्तर देण्याआधी साठा संपला होता का, किंमत बदलली का, सेल-इन पाहतो आहोत की सेल-आउट, हे विचारा. तिसरी परीक्षा नकाराची असते. "ही ओळ खूप चालेल, पुरावा नंतर बघू" असे सुचवून तुमच्याकडे पाहतात. तिथे हो म्हणू नका आणि केवळ "चालणार नाही" म्हणूनही थांबू नका. आहे त्या पुराव्यात बसणारी दुसरी ओळ तिथेच सुचवा. तिसऱ्या टप्प्यातला तो अवघड रकाना यासाठीच भरून घेतला होता.

पगाराइतकेच आणखी दोन प्रश्न तुम्हीही विचारा: दाव्यांना अंतिम मंजुरी कोण देते आणि नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काउंटरवर पाठवतात का? पहिल्याचे उत्तर गुळमुळीत आले तर त्या नोकरीचा पुन्हा विचार करा.

टप्पा ९: रुजू झाल्यावरचे पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात नव्या कल्पना मांडण्याची घाई करू नका. नियमन विभाग, प्रयोगशाळा, खरेदी आणि ग्राहक सेवा यांतल्या एकेका व्यक्तीबरोबर अर्धा दिवस बसा. दुसऱ्या महिन्यात आपल्या उत्पादनांची दाव्यांची फाइल स्वतः उघडून वेष्टन, संकेतस्थळ आणि विक्रेत्याचे पान या तीन ठिकाणची वाक्ये जुळतात का ते ताडून पाहा. मंजूर झालेले वाक्य विक्रेत्याच्या पानावर पोहोचेपर्यंत बदललेले असते, हे जवळपास प्रत्येक ठिकाणी आढळते.

तिसऱ्या महिन्यात तक्रारींची नोंदवही मागून घ्या आणि मागच्या वर्षभराच्या नोंदी वाचा. पुरळ, जळजळ, सूज अशा नोंदी समाजमाध्यमांवरच्या प्रतिक्रियांतही दडलेल्या असतात आणि त्या सर्वांत आधी मार्केटिंगच्या माणसाला दिसतात. अमेरिकेत २०२२ च्या सुधारित कायद्याने गंभीर दुष्परिणामाची माहिती कंपनीला मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक केले आहे. म्हणून अशी प्रतिक्रिया लपवू किंवा पुसू नका. तिचे छायाचित्र, वेळ आणि मिळाल्यास बॅच क्रमांक त्याच दिवशी सुरक्षितता पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवा आणि त्या ग्राहकाला उत्पादन वापरणे थांबवून डॉक्टरांना दाखवण्यास सांगा.